लांब पल्ल्याची सायकल : सुट्या भागांची निवड आणि जुळणी

सायकल ही वस्तु महाराष्ट्रांतील मध्यम स्थितींतल्या घरांना नवी नाहीं. पुणें शहर तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जात असे. ती काळी, उंच आणि जड सायकल घरांत एकदां आली कीं वीस-वीस वर्षें राही. वडील तिच्यावरून कचेरींत जात, थोरला मुलगा दांडीखालून तिरका पाय घालून तिच्यावरच शिके, आणि दळणाचा डबाहि तिच्याच मागच्या कॅरिअरवरून गिरणींत जाई. तिच्या सुट्या भागांची निवड करण्याचा प्रश्न कोणापुढें कधीं उभाच राहिला नाहीं. बहुतेक सर्व देशी कारखान्यांनीं एकच जुना इंग्रजी नमुना गिरवला असल्यामुळें एका सायकलीचा कोन दुसरीला चाले, एकीची साखळी दुसरीवर चढे, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार जो भाग देई तो बिनतक्रार बसे.

आतां त्याच घरांतील मुलगा किंवा मुलगी निराळीच सायकल मागूं लागली आहे. मेंढ्याच्या शिंगांसारखें वांकलेलें हॅंडल, दीड बोट रुंदीचे टायर, पुढें दोन आणि मागें दहा-बारा दांतेरी चक्रें, आणि किंमत अशी कीं तेवढ्यांत मोटार-सायकल दाराशीं यावी. ही मागणी हंसण्यावारी नेण्यासारखी मात्र राहिलेली नाहीं. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका खंड आडवा पार करण्याची सुमारें ४८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या जोडीनें पुरी केली, आणि २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकट्यानें पुरी केली. तेव्हांपासून लांब पल्ल्याच्या सायकलीची हौस घरोघर शिरली आहे. 'ब्रेव्हे' नांवाच्या ज्या सफरी भरतात त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत व ६०० किलोमीटर ४० तासांत तोडावयाचे असतात. या प्रकारांतील सर्वांत जुनी सफर पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत येण्याची. ती १८९१ सालीं प्रथम भरली आणि अजून दर चार वर्षांनीं भरते. अशा सफरींत बाहेरची मदत ठरीव नाक्यांवरच घेतां येते; मधल्या वाटेवर जें मोडेल तें ज्याचें त्यानें दुरुस्त करावयाचें.

म्हणून भागांची निवड हा वजनाचा किंवा चकाकीचा प्रश्न नव्हे. रात्रीं दोन वाजतां माळशेज घाटाच्या चढावर साखळी तुटली, तर वर्षभराची मेहनत तेथेंच संपते. उतारावर ब्रेक पुरा लागला नाहीं, तर जें संपेल तें मेहनतीहून मोठें असतें. पैसे देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं दुकानांत रंग आणि किंमत विचारण्यापूर्वीं दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत : हा भाग किती टिकेल, आणि तो मोडल्यावर त्याच्या जागीं दुसरा कोणता बसेल? लग्नाच्या बोलण्यांत छत्तीस गुण पाहतात, आणि अठरा जुळले तरी पुढें जातात. सायकलीच्या भागांत इतकी सवलत नाहीं. चार मापें जुळून पांचवें अर्ध्या मिलिमीटरानें चुकलें, तर चार जुळल्याचा कांहींएक उपयोग होत नाहीं.

मापांच्या बाबतींत पहिली फसवणूक नांवाचीच असते. चाकाचेंच उदाहरण घ्यावें. जुन्या काळ्या सायकलीचें चाक 'अठ्ठावीस इंची' म्हणत, आणि आजच्या वेगवान सायकलीच्या चाकालाहि कित्येक दुकानांत 'अठ्ठावीस इंची'च म्हणतात. नांव एक, परंतु टायरची कड रिमवर जेथें बसते तेथील व्यास पाहिला तर जुन्याचा ६३५ मिलिमीटर आणि नव्याचा ६२२ मिलिमीटर भरतो. जुना टायर नव्या रिमवर चढतो, पण सैल बसतो आणि हवा भरतांच निसटतो. नवा टायर जुन्या रिमवर चढतच नाहीं. सत्तावीस इंची म्हणून आणखी एक जात आहे, तिचें माप ६३०. या घोटाळ्याचें मूळ फ्रान्समध्यें आहे. तेथें बाहेरचा व्यास सुमारें ७०० मिलिमीटर होईल अशा टायरांना जाडीप्रमाणें ए, बी, सी अशीं अक्षरें दिलेलीं होतीं. टायर जितका जाड तितकी त्याची रिम लहान. पुढें जाडी वाटेल तशी बदलली आणि '७०० सी' हें नांव तेवढें ६२२ मापाच्या रिमला कायमचें चिकटलें. (त्यांतल्या 'बी'चें माप तेंच ६३५, म्हणजे आमच्या दूधवाल्यांच्या सायकलीचें.) यास्तव टायरच्या अंगावर ठळक छापलेल्या इंचांकडे न पाहतां बाजूला बारीक अक्षरांत असलेला जोड-आंकडा पाहावा. '२८-६२२' असें असेल तर टायर २८ मिलिमीटर रुंद व ६२२ मापाच्या रिमचा आहे, असा त्याचा अर्थ. हा आंकडा खोटें बोलत नाहीं.

रुंदीविषयीं तरुणांच्या मनांत एक जुना ग्रह आहे, कीं टायर जितका बारीक तितकी सायकल वेगवान. गुळगुळीत लांकडी धांवपट्टीवर तें कदाचित् शोभेल. खड्डे, खडी आणि गतिरोधक यांनीं भरलेल्या रस्त्यावर शोभत नाहीं. बारीक टायरमध्यें हवा फार दाबून भरावी लागते, मग चाक रस्त्यावर लोळण्याऐवजीं उड्या मारतें, आणि प्रत्येक उडींत स्वाराची शक्ति फुकट जाते. आपल्याकडच्या रस्त्यांना २८ मिलिमीटर किमान समजावेत, आणि सांगाड्यांत जागा असेल तर ३२ घ्यावेत. जागा असेल तर, हे शब्द महत्त्वाचे आहेत. चिमटा आणि टायर यांच्यामध्यें चोहोंकडून पांच-सहा मिलिमीटर मोकळे राहत नसतील, तर पावसाळ्यांतील चिखल व बारीक खडी मध्यें अडकून रंग व धातु दोन्ही कुरतडतात. सांगाडा विकत घेतांना त्यांत जास्तींत जास्त किती रुंद टायर बसतो, हा प्रश्न पहिल्या पांचांत असावा.

चाकाच्या तारांची गोष्ट अशीच. शर्यतीच्या चाकांत २० किंवा २४ तारा असतात, आणि तीं दिसावयास सुरेख असतात. त्यांतली एक तुटली म्हणजे चाक एवढें वांकतें कीं तें ब्रेकला किंवा सांगाड्याला घासूं लागतें, आणि प्रवास थांबतो. ३२ किंवा ३६ तारांच्या चाकांत एक तुटली तरी शेजारणी भार वांटून घेतात व स्वार घरीं पोंचतो. जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकांत ३२ आणि मागच्यांत ४० तारा असत, ही मांडणी वेडगळपणाची नव्हती. भार मागेंच अधिक पडतो. तार सहसा मध्यें तुटत नाहीं, हबजवळ जेथें ती कोपरासारखी वळते तेथें तुटते. म्हणून दोन्ही टोंकांशीं २ मिलिमीटर आणि मध्यें १.८ मिलिमीटर अशी घडवलेली गंज न चढणारी तार सर्वांत टिकाऊ ठरते. मधला बारीक भाग धक्का लागतांच किंचित् ताणतो आणि कोपरावरचा ताण कमी करतो. जाड तेवढें मजबूत, हा हिशेब येथें चुकतो.

हबच्या बाबतींत सांगाड्याच्या मागच्या दोन पायांमधलें अंतर पाहावयाचें असतें. सहा-सात गिअरांच्या काळीं तें १२६ मिलिमीटर होतें. आठपासून अकरा गिअरांपर्यंतच्या, रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलींत १३० झालें. आणि तबकडीच्या ब्रेकांच्या सायकलींत आतां बहुधा १४२ मिलिमीटर रुंद हब व आरपार जाणारी १२ मिलिमीटर जाड आंस असते. जुना पोलादी सांगाडा थोडा फांकवून १२६च्या जागीं १३०चा हब जाणकार कारागीर बसवूं शकतो. ॲल्युमिनिअमच्या किंवा कार्बनच्या सांगाड्याशीं असला खेळ करूं नये. तो वांकत नाहीं, तडकतो. हबमधील बेअरिंगें दोन प्रकारचीं : सुटे छर्रे व कोन असलेलीं, आणि बंद डबीचीं. छर्रे-कोनाचीं वर्षानुवर्षें चालतात, परंतु वेळच्या वेळीं ग्रीस मागतात, आणि कोन खरवडला कीं नेमका तसाच कोन शोधावा लागतो. बंद बेअरिंगावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. ६९०२ म्हणजे १५ मिलिमीटर भोंक, २८ बाहेरचा व्यास, ७ जाडी, मग तें कोणत्याहि देशांत झालेलें असो. असें बेअरिंग सायकलच्या दुकानांत मिळालें नाहीं तरी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा जिल्ह्याच्या गांवीं पंप-मोटारींच्या दुकानांत मिळूं शकतें. दूरच्या प्रवासाला हाच प्रकार सोयीचा.

पायडलांची आंस ज्या नळींत बसते तिला 'बॉटम ब्रॅकेट' म्हणतात. सांगाड्याची खरी परीक्षा येथें होते. जुनी इंग्रजी पद्धति अशी कीं ६८ मिलिमीटर रुंद नळीच्या दोन्ही बाजूंस आटे असावेत, व्यास १.३७ इंच, आणि इंचाला २४ आटे. यांतील उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. ही लहर नव्हे. सैल मुठींत पेन्सिल धरून तिचें टोंक वर्तुळांत फिरवलें, तर पेन्सिल स्वतःभोवतीं उलट दिशेनें फिरतांना दिसते. फिरता भार सोसणारा भाग आपल्या घरट्यांत तसाच उलट सरकतो. आटे सुलटे ठेवले तर मैलोगणती पायडल मारतां मारतां ते आपोआप सैल होतात. डाव्या पायडलाचे आटे उलटे असण्याचें कारणहि हेंच. इटालियन पद्धतींत ३६ मिलिमीटर व्यासाचे आटे दोन्ही बाजूंस सुलटेच ठेवलेले असतात, आणि त्या सायकलींचा उजवा कप सैल होण्याची तक्रार पिढ्यान् पिढ्या चालू आहे. इंग्रजी कप इटालियन नळींत सैल पडतो, आणि इटालियन कप इंग्रजी नळींत बळजबरीनें घालूं पाहणारा कारागीर सांगाड्याचा नाश करतो.

मध्यंतरीं वजन वांचवण्यासाठीं आटेच काढून टाकून बेअरिंगें नळींत नुसतीं दाबून बसवण्याची टूम निघाली. नळीचें भोंक तंतोतंत गोल व तंतोतंत मापाचें असेल तर हें चांगलें चालतें. नसेल तर प्रत्येक पायडलागणिक जुन्या दारासारखी करकर ऐकूं येते, आणि ती बंद करण्यांत महिने जातात. अलीकडे पुष्कळ कारखाने आट्यांकडे परत वळले आहेत. ज्याला दहा वर्षें एकच सांगाडा वापरावयाचा आहे त्यानें आटे असलेलाच घ्यावा, हें येथें निःसंकोच सांगण्यास हरकत नाहीं.

आतां गिअरांकडे वळावें. खरी गुंतागुंत तेथेंच आहे. साखळी दिसावयास साधी वस्तु. हान्स रेनोल्ड यानें १८८० सालीं मॅंचेस्टरमध्यें रोलर साखळीचें पेटंट घेतलें, आणि आजच्या सायकलींच्या साखळींत दोन खिळ्यांमधलें अंतर सर्वत्र अर्धा इंचच असतें. त्यामुळें कोणतीहि साखळी कोणत्याहि चक्रावर चालेल असा समज होतो. परंतु बदलतें तें रुंदीचें माप. मागच्या चक्रांची संख्या वाढली तशी तीं जवळ जवळ आलीं, आणि साखळी बारीक होत गेली. आठ चक्रांसाठीं तिची बाहेरची रुंदी सुमारें ७.१ मिलिमीटर, नवांसाठीं ६.६, दहांसाठीं ५.९, अकरांसाठीं ५.५. आठांची साखळी दहांच्या चक्रांत घातली तर ती शेजारच्या चक्राला घासते. दहांची आठांत घातली तर ती दोन चक्रांच्या मध्येंच रेंगाळते. चक्रांची संख्या व साखळीची जात एकच असावी, येथें तडजोड करूं नये.

त्याहून सूक्ष्म भाग पुढें आहे. पूर्वीं गिअर बदलण्याची काडी हातानें हळूहळू सरकवीत, आणि साखळी नीट बसल्याचें कानाला कळे. तेव्हां वाटेल त्या कारखान्याची काडी वाटेल त्या डिरेलरला चाले. १९८४ सालीं जपानच्या साकाई शहरांतील शिमानो कारखान्यानें 'ड्युरा-एस' या आपल्या मालिकेंत ठरीव टप्प्यांची पद्धति आणली : एक खटका दाबला कीं तार ठरल्या मापानें ओढली जाते आणि साखळी बरोबर एक चक्र सरकते. १९९० सालीं हे खटके ब्रेकच्या दांड्यांतच आले. सोय मोठी झाली, पण स्वातंत्र्य गेलें. आतां तीन मापें एकमेकांशीं जुळावीं लागतात : खटका तार किती ओढतो, तेवढ्या ओढीला डिरेलर किती सरकतो, आणि चक्रांमधलें अंतर किती आहे. आठ चक्रांच्या संचांत हें शेवटचें अंतर सुमारें ४.८ मिलिमीटर, दहांच्या संचांत सुमारें ३.९५. पाव मिलिमीटराची चूक प्रत्येक टप्प्याला सांचत जाते, आणि पांचव्या-सहाव्या चक्रावर साखळी बसेनाशी होते.

सुदैवानें शिमानोच्या आठ, नऊ व दहा गिअरांच्या बहुतेक सडक-सायकलींच्या डिरेलरांची सरकण्याची रीति एकच आहे. म्हणून नवांचा डिरेलर दहांच्या खटक्यावर चालतो. त्याच कारखान्याचा डोंगरी सायकलींचा नऊ गिअरांचा डिरेलरहि तेथें चालतो, आणि घाट चढणाऱ्यांनीं या सवलतीचा पुष्कळ फायदा घेतलेला आहे. परंतु डोंगरी सायकलींचा दहा गिअरांचा डिरेलर चालत नाहीं, कारण त्याचें प्रमाण बदललेलें आहे. अकरा गिअरांच्या सडक-सायकलींत तें आणखी निराळें झालें. सर्वांत मोठा सांपळा 'टियाग्रा ४७००' या मालिकेचा. तिच्यांत चक्रें दहाच आहेत, परंतु प्रमाण अकरा गिअरांच्या घराण्याचें आहे. 'दहा म्हणजे दहा' असें म्हणून जुन्या दहांच्या खटक्याला तिचा डिरेलर जोडणारा मनुष्य आठवडाभर तार घट्ट-सैल करीत बसतो, आणि दोष कारागिराला देतो.

मागच्या चक्रांचा संच ज्या नळकांड्यावर बसतो त्याचीहि अशीच गोष्ट. अकरा चक्रांच्या सडक-सायकलींसाठीं शिमानोनें तें १.८५ मिलिमीटर लांब केलें. म्हणून जुना दहांचा संच नव्या हबवर बसवावयाचा तर मागें तेवढ्याच जाडीची कडी घालावी लागते. तिच्यावांचून संच खुळखुळतो. उलट, अकरा चक्रांचा सडक-संच जुन्या हबवर बसत नाहीं. कंपोन्योलो या इटालियन कारखान्याचें नळकांडें वेगळें, अमेरिकेच्या स्रॅमचें बारा गिअरांचें आणखी वेगळें. चाक विकत घेतांना तें कोणत्या घराण्याचें आहे हें लिहून घ्यावें. २०२३ सालीं शिमानोनें 'क्यूज' ही मालिका काढली आणि तिच्यांत नऊ, दहा व अकरा या तिन्ही संचांना चक्रांमधलें अंतर एकच ठेवलें. चक्रें जाड केल्यामुळें तीं तिप्पट टिकतात असा कारखान्याचा दावा आहे. दावा बाजूला ठेवला तरी दिशा स्वागतार्ह आहे; गिअरांच्या संख्येची चढाओढ कोठें तरी थांबावयास हवीच होती.

चक्रें किती मोठीं घ्यावीं, हा हिशेब घरींच करतां येतो. पुढें ३४ दांत, मागें ३२. पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचे १.०६ फेरे. चाकाचा घेर सुमारें २.१३ मीटर धरला तर एका फेऱ्यांत सायकल सवादोन मीटर जाते, आणि मिनिटास ६० फेऱ्यांनीं तासाला सुमारें ८ किलोमीटर वेग पडतो. कसारा घाटांत थकलेल्या मनुष्याला हा वेग झेपतो. शर्यतवाल्यांची जुनी मांडणी पुढें ३९ व मागें २५ अशी असे. तेवढ्याच फेऱ्यांना ती १२ किलोमीटर मागते. हा फरक गुडघ्यांना कळतो, आणि गुडघ्याचा सुटा भाग बाजारांतून आणून घरीं बसवतां येत नाहीं.

परंतु मोठें चक्र बसवण्यापूर्वीं डिरेलरची कुवत पाहावी. पुढच्या दोन चक्रांतला फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान चक्रांतला फरक यांची बेरीज करावी. पुढें ५०-३४ व मागें ११-३२ असतील तर १६ आणि २१ मिळून ३७. शिमानोच्या अकरा गिअरांच्या '१०५' मालिकेंतील आंखूड डिरेलरची कुवत ३५ व लांबाची ३९. तेव्हां येथें लांबच पाहिजे. आंखूड बसवला तर लहान चक्रांवर साखळी लोंबते. तें टाळण्याकरितां कोणी साखळीच कापून तोकडी केली, तर दोन्हीकडे मोठें चक्र पडतांच ती ताणून डिरेलरच उपटून काढते, आणि तो तारांत अडकून मागचें चाक जागच्या जागीं थांबवतो.

साखळी किती झिजली हें पाहण्यास पोलादी फूटपट्टी पुरते. नव्या साखळीच्या एका खिळ्याच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजल्या तर बरोबर १२ इंच भरतात. हेंच अंतर १२ इंच व एक षोडशांश झालें कीं साखळी बदलावी. एक अष्टमांश वाढेपर्यंत थांबलें तर मागचीं चक्रेंहि तिच्याबरोबर झिजलेलीं असतात, आणि नवी साखळी त्यांच्यावरून उड्या मारते. मग दोहोंचा खर्च. पावसाळ्यांत साखळीवर सांचलेलें तेल व वाळू यांचें मिश्रण कानसेसारखें काम करतें. दर पावसाळी फेरीनंतर ती पुसणें, हा या विषयांतील सर्वांत स्वस्त उपाय.

आपोआप विजेवर बदलणारे गिअर हल्लीं पुष्कळ आले आहेत. ते अचूक असतात. तथापि बॅटरी संपली किंवा एखादा भाग बिघडला, तर महाड किंवा पोलादपूर येथें तो मिळण्याची आशा कमी. तारेचा तुकडा मात्र तालुक्याच्या गांवींहि मिळतो. शर्यतीला वीज, सफरीला तार, अशी विभागणी शहाणपणाची दिसते.

ब्रेकांच्या बाबतींत चुकीची जुळणी ही पैशाची नसून जिवाची बाब आहे. हाताची दांडी कमी तार ओढणारी किंवा जास्त तार ओढणारी अशी दोन जातींची असते. सडक-सायकलीच्या रिमवरील आंखूड चिमट्याला पहिली लागते, डोंगरी सायकलीच्या लांब हातांच्या ब्रेकला दुसरी. डोंगरी दांडी सडकेच्या चिमट्याला जोडली तर दांडी कडक लागते, पण रबर रिमवर पुरेशा जोरानें दाबलें जात नाहीं. सपाटीवर हें ध्यानांत येत नाहीं. वरंध घाटाच्या वळणावर येतें. उलट जोडणींत दांडी मऊ लागते आणि रबर रिमपर्यंत नीट पोंचतच नाहीं. तबकडीचे ब्रेक पावसांत निःसंशय सरस आहेत, आणि रिम झिजवीत नाहींत. पण त्यांतहि तेलाचा भेद आहे. शिमानोचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, स्रॅमचे बहुतेक मोटारींच्या ब्रेक-द्रवावर. एकांत दुसऱ्याचें घातलें तर आंतलीं रबरी कडीं फुगून निकामी होतात. बाटलीवरचें नांव वाचल्याशिवाय कोणाहि मेकॅनिकला झांकण उघडूं देऊं नये.

रिमवर ब्रेक असलेल्यांनीं रिमची बाजू वरचेवर पाहावी. ब्रेकच्या रबरांत रुतलेली वाळू ॲल्युमिनिअम खात असते. बाजूवर फूटपट्टी आडवी धरली आणि मधून प्रकाश दिसूं लागला, म्हणजे तेथें खळगा पडलेला आहे. असली रिम आंतल्या हवेच्या दाबानें एक दिवस फाटते. हॅंडलचें तसेंच. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत घामाचें मीठ हॅंडलच्या फितीखालीं मुरतें, आणि ॲल्युमिनिअम आंतून पांढरें पडून खचतें. फीत वर्षांतून एकदां सोडून पाहावी. हॅंडल धरणाऱ्या पकडीचीं मापें २५.४, २६.० आणि ३१.८ मिलिमीटर अशीं आहेत. पहिल्या दोहोंतला फरक डोळ्याला दिसत नाहीं, पण चढावर उभें राहून ओढ देतांच हॅंडल फिरतें. पकडीवर ५ न्यूटन-मीटर असें लिहिलेलें असेल तर तेवढाच पीळ द्यावा, आणि मापाचा पाना वापरावा. हात भारी असलेल्या कारागिरांनीं कार्बनच्या नळ्या पिळून फोडल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

बैठकीचा खांब बहुधा २७.२ मिलिमीटरांचा असतो, पण २७.०चाहि असतो, जो नीट सरकतो तोच खरा. पोलादी सांगाड्यांत ॲल्युमिनिअमचा खांब ग्रीस न लावतां बसवला तर दोन धातूंच्या संयोगानें तो वर्ष-दोन वर्षांत असा जखडतो कीं करवतीवांचून निघत नाहीं.

शेवटीं दोन चिमुकल्या वस्तूंचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. डिरेलर ज्या लहानशा पट्टीला लटकतो ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, म्हणजे सायकल पडली तर पट्टी वांकावी आणि सांगाडा वांचावा. परंतु प्रत्येक कारखान्याची, किंबहुना प्रत्येक सांगाड्याची, पट्टी निराळ्या आकाराची असते. २०१९ सालीं स्रॅमनें सर्वांस चालेल असा एक नमुना पुढें केला आणि तो पसरत आहे. तरी अजून शेंकडों आकार चालू आहेत. सायकल घेतांना त्याच दुकानांतून तशाच दोन पट्ट्या घेऊन एक घरीं व एक बैठकीखालच्या पिशवींत ठेवावी. दोन वर्षांनीं ती मिळेलच याचा भरवसा नाहीं. दुसरी वस्तु हवेच्या व्हॉल्वची. सडक-सायकलींच्या बारीक फ्रेंच व्हॉल्वला पेट्रोल-पंपावरची हवेची नळी लागत नाहीं. त्याच्यावर फिरवून बसणारी पितळी टोपी नखाएवढी असते आणि फार स्वस्त मिळते. ती त्याच पिशवींत असावी, आणि साखळी जोडण्याची तिच्याच रुंदीची एक सुटी कडी तिच्या शेजारीं.